पायवाट, टाकं, टणटणी आणि ५०० रोपं : डोंगरावरच्या श्रमदानाचा क्रम कसा लावावा? (अजिंठा डोंगररांग, बालाघाट)

गडवाटेकरी (सोयगाव तालुका)
नमस्कार मंडळी. आमच्या तरुण मंडळाला होळीनंतर ते मृगापर्यंत सवडीच्या रविवारी गावामागच्या डोंगरावर श्रमदान करायचंय. माणसं २५ ते ३०. वर गडाचे अवशेष आहेत, गिर्यारोहक येतात, श्रावणात गावातले लोकही जातात. चार कामं डोळ्यांसमोर आहेत.
पायवाट सव्वा किलोमीटरची. मधे मधे गुडघाभर ओघळ झालाय, म्हणून लोक शेजारून चालतात आणि तिथं दुसरी-तिसरी वाट पडलीय. वर साधारण ५ बाय ४ मीटरचं, कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, त्यात अंदाजे ३ फूट गाळ. पायथ्याला टणटणी (घाणेरी) माजलीय. शिवाय शाळेला ५०० रोपं मिळणार आहेत, ती डोंगरावर लावू असं सगळ्यांचं म्हणणं. आधी काय धरावं?

मुरूमखडी
आधी वाट. रोपं सगळ्यात शेवटी, आणि पहिल्या वर्षी लावलीच नाहीत तरी चालेल.
कारण सांगतो. आपले डोंगर लाव्हाच्या थरांचे. वर कठीण काळा पाषाण, खाली भुसभुशीत मुरूम, दोन थरांच्या मधे कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा. मातीचा थर वीतभर, काही ठिकाणी तेवढाही नाही. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो संथ पडत नाही. दोन-चार मोठ्या सरींतच निम्मं काम होतं. पायांनी घट्ट झालेली वाट त्या सरीत पाणी मुरू देत नाही. ती पन्हाळीसारखी वरचं सगळं पाणी गोळा करून खाली सोडते. म्हणजे तुमची वाटच डोंगराची माती खाली नेतेय. ती अडवल्याशिवाय वर रोपं लावणं, टाकं उपसणं हे सगळं पुन्हा गाळात जाणार.
ओघळात माती-मुरूम भरून वाट "दुरुस्त" करू नका. पहिल्या वळवाला भराव निघून जातो आणि थेट टाक्यात नाहीतर पायथ्याच्या शेतात बसतो. पाणी वाटेवरून बाहेर काढायचं, एवढं एकच सूत्र धरा.

गडवाटेकरी
बाहेर काढायचं कसं? सिमेंटचे पाट नको म्हणतात.

मुरूमखडी
सिमेंट अजिबात नको. दगडाची तिरकी ओळ पुरते. नीट वाचा, कारण ही कामं चुकतात ती बारीकसारीक गोष्टींत.
दगड असा निवडा की दोघांना मिळून उचलावा लागेल, ४० किलोच्या खाली नको. हलका दगड गुरांच्या पायानं हलतो. वाटेत आडवा चर खणून दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत पुरायचा, वर फक्त चार ते सहा इंच दिसला पाहिजे. ओळ वाटेला काटकोनात टाकायची नाही. काटकोनापासून ३० ते ४५ अंश खालच्या बाजूला झुकवायची. काटकोनात टाकली की पाणी तिथं थांबतं, गाळ टाकतं, दोन पावसांत ओळ भरून जाते आणि तिसऱ्या पावसाचं पाणी वरून उडी मारतं. डोंगराकडचं टोक काठात फूटभर आत घुसवा, नाहीतर पाणी मागून वाट काढतं. दरीकडच्या टोकाला २ ते ३ फूट रुंद तोंड उघडं ठेवा आणि पाणी पडतं तिथं चपटे दगड पसरा. तोंड गवताळ उतारावर उघडा. तांबड्या मातीवर किंवा भरावावर उघडलंत तर तिथं नवा ओघळ सुरू होतो.
काम वरून खाली न्या. खालून सुरू केलंत तर वरचं मोकळं पाणी खालच्या नव्या ओळी उखडतं.

कन्नडकर
अंतराचंही सांगा, लोक हौसेनं पावलापावलाला दगड टाकतात. साधारण हिशेब असा: वाटेचा उतार दहा फुटांना एक फूट असेल तर १५ ते २० मीटरवर एक ओळ. दहाला दोन असेल तर ८ ते १० मीटरवर. त्यापेक्षा चढ असेल तर तिथं ओळी उपयोगाच्या नाहीत, दगडी पायऱ्या करा नाहीतर वाटच वळवा.
उतार मोजायला दहा फुटी सरळ काठी, वर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी बांधलेली, आणि एक फूटपट्टी. काठीचं एक टोक वाटेवर टेकवायचं, बाटलीतलं पाणी समपातळीत येईपर्यंत दुसरं टोक उचलायचं, आणि ते टोक जमिनीपासून किती वर आहे ते मोजायचं. झालं.
वाट वळवायचीच झाली तर आणखी एक नियम. डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार कमी हवा. डोंगर दहाला चार असेल तर वाट दहाला दोनच्या आत. जास्त झाली की पाणी वाट सोडून बाजूला जातच नाही, वाटेवरूनच धावतं. दरीकडच्या बाजूला वाट किंचित कललेली ठेवा, एका मीटरला पाच सेंटिमीटर बस्स.

मुरूमखडी
बरोबर. आणि जुन्या ओघळाला तसंच सोडू नका, लोक जुन्या सवयीनं त्यातूनच उतरतात. त्यात फूटभर उंचीचे दगडी आडोसे रचा. खालच्या आडोशाचा माथा वरच्या आडोशाच्या पायाच्या पातळीत आला पाहिजे. उतार दहाला दोन असेल तर फूटभर उंचीच्या आडोशांमधे पाच फूट अंतर. आडोशाचा मधला भाग दोन्ही कडांपेक्षा चार बोटं खोल ठेवा, म्हणजे पाणी मधून ओसंडतं, काठ खात नाही. मोठे दगड खालच्या अंगाला, बारीक वरच्या अंगाला. वरच्या तोंडाशी बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या टाकल्या की माणूसही जात नाही, शेळीही जात नाही.
दगड मात्र सुटेच घ्या. गडाच्या पडलेल्या भिंतीचा, जोत्याचा, घडीव असा एकही दगड उचलायचा नाही. तुटका वाटला तरी तो जागेवरचा पुरावा असतो.

बालाघाटी
पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा अख्ख्या उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत) खोदले तर? आमच्याकडं पाटोदा-आष्टी भागात चरांनी विहिरींना पाणी आलंय. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर घेतला तर मीटरला १८० लिटर पाणी मावतं. शंभर मीटरच्या चराला १८ हजार लिटर, तेही एका भरण्यात.

मुरूमखडी
भाऊ, चराला माझा विरोध नाही. जागा कोणती ते पाहायला हवं. गावाच्या गायरानावर, उघड्या उतारावर जरूर करा. पण तीन ठिकाणी नको. उतार ३३ टक्क्यांहून जास्त असेल तिथं नको, मुरूम चरासकट घसरतो. गडाच्या घेऱ्यात नको, तिथं प्रत्येक खोदकाम पुरातत्त्वाच्या परवानगीचं. आणि चांगलं गवत धरलेल्या उतारावर नको, कारण गवताचं मूळ जे काम फुकटात करतंय ते उखडून तुम्ही खड्डा करताय.
समपातळी काढायला ए-फ्रेम (ए आकाराची लाकडी चौकट, मधे ओळंबा) किंवा हायड्रोमार्कर (पाणी भरलेल्या नळीनं पातळी दाखवणारं साधन) वापरा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या वर्षांत, २०१६ ते २०१९, गावोगावी लोक ते शिकलेत, एखादा जाणता सापडेल. आणि दर दहा मीटरवर फूटभर न खोदलेला भाग ठेवा. पातळी थोडी चुकली तरी पाणी एका टोकाला पळत नाही. सलग खोदलेला चुकीचा चर म्हणजे हातानं तयार केलेला ओढा. माती खालच्या अंगाला टाका, चराच्या काठापासून फूटभर सोडून.

बालाघाटी
३३ टक्क्यांचं मान्य. गवताचं पूर्ण पटलं नाही. आमच्याकडं गवत म्हणजे नुसती कुसळी, तिच्या मुळाखाली माती राहिलेली नाही. तिथं चर काढला तर बिघडत नाही.

गवताळ
कुसळी दिसली म्हणजे चराईचा ताण जास्त झालाय. तिथं दोन पावसाळे चराई थांबवली तर पवन्या, मारवेल, शेडा परत येतात. गवत कापून न्यायची मुभा ठेवा, चरायला बंदी. ग्रामसभेत हा ठराव होतो आणि पाळला जातो, फक्त शेळीवाल्यांना वगळून ठरवायचा नाही. त्यांना वर्षभर कुठं चारायचं ते आधी ठरवा, मग बंदी.

रानशेवंती
परवानग्यांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ही पायरी चुकली तर बाकी सगळं वाया.
डोंगर वनखात्याचा असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज, प्रत वनरक्षकाला. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात आग, तोड, खोदकाम गुन्हा आहे, श्रमदान असलं तरी. गौताळा औट्रमघाटसारख्या अभयारण्यात (१९८६ ला घोषित, सुमारे २६० चौरस किलोमीटर, कन्नड आणि चाळीसगाव भागात पसरलेलं) नियम आणखी कडक. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ मुळे तिथं परवानगीशिवाय प्रवेशच नाही.
वर गड, लेणं, कोरीव टाकं असेल तर आधी पाहा की ते राज्य पुरातत्त्व विभागाकडं आहे की भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं. देवगिरी, पितळखोरं केंद्राकडं. संरक्षित नसलेल्या गडावरही पुरातत्त्वाला पत्र द्या, त्यांचा माणूस आला तर मार्गदर्शन मिळतं.
अर्जात हे लिहा: कामाचा हाताने काढलेला नकाशा, तारखा, माणसांची संख्या, अवजारांची यादी, "आग पेटवणार नाही, झाड तोडणार नाही, मुक्काम करणार नाही" हे स्पष्ट, आणि जबाबदार दोघांची नावं. नुसतं "स्वच्छता करायची आहे" असा अर्ज बहुधा पडून राहतो, कारण त्यावर मंजुरी देणाऱ्याला काय होणार तेच कळत नाही.
आणि कृपा करून दगडांवर रंगाचे बाण काढू नका.

टाकेसाफ
आता टाक्याबद्दल. ५ बाय ४ मीटर, गाळ ३ फूट म्हणजे सुमारे १८ घनमीटर. ओला गाळ घनमीटरला दीड टनाच्या वर जातो, १५ किलोचं घमेलं धरलं तर घनमीटरला साधारण ११० घमेली. म्हणजे एकूण दोन हजारांच्या आसपास. वीस जणांची साखळी मिनिटाला सहा घमेली नीट चालवते, त्या हिशेबानं साडेपाच तास निव्वळ काम. उन्हाळ्यात हे दोन सकाळींत वाटा. रिकामी घमेली परत यायला चौघा-पाचांची वेगळी ओळ हवी. एकाच साखळीतून भरलेली आणि रिकामी फिरवली की गोंधळ होतो, पाठ धरते.
गाळाला हात लावण्याआधी टाक्याच्या वरच्या कातळावरची कोरलेली पन्हाळ आणि तिच्या तोंडाशी असलेला छोटा खळगा साफ करा. बहुतेक टाक्यांना हा गाळ थांबवणारा खळगा असतो, तो मातीनं बुजलेला असतो. तो तसाच ठेवून टाकं उपसलं तर दोन-तीन पावसाळ्यांत परत भरतं.
मे महिन्यात डोंगरावर पाणी असलेलं ते एकच टाकं असेल तर ते उपसू नका. वानरं, मोर, अस्वलं त्यावरच असतात. अशा वेळी मधे पोत्यांचा बांध घालून अर्धं यंदा, अर्धं पुढच्या वर्षी. सुतोंड्यासारख्या गडावर, जिथं टाक्यांची रांगच आहे, तिथं एका वर्षी एकच टाकं घ्यावं.
जीवावरचा धोका इथं आहे, नीट वाचा. खांबटाक्यात (कातळात आतवर कोरलेलं, खांबांवर छत असलेलं टाकं) किंवा अरुंद तोंडाच्या टाक्यात सडलेला पाला ढवळला की विषारी वायू सुटतो. डिझेल पंपाचं इंजिन आत उतरवलं तर धुरानंच माणूस बेशुद्ध पडतो. इंजिन कायम बाहेर, आत फक्त पाइप. वरून ओढणारा पंप व्यवहारात सात मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही, तेव्हा "पंप जरा खाली ठेवू" हा मोह तिथंच होतो. ठेवायचा नाही, बादल्यांनी काढा. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. आत कोणी कोसळला तर दुसऱ्यानं मागून उडी मारायची नाही, दोरानं ओढायचं. दुसरा माणूस जातो तो असाच.
गाळात खापर, नाणं, कोरीव तुकडा, हाड दिसलं की तिथलं काम थांबवा, जागेवर फोटो घ्या आणि पुरातत्त्वाला कळवा. टाक्याला आतून सिमेंटचा गिलावा करू नका. कातळाला तो धरत नाही, सांध्यातून सुटतो आणि मूळ कोरीवकाम झाकतो.

गडवाटेकरी
ते पाणी प्यायला वापरता येईल का?

टाकेसाफ
टाक्यात औषध टाकू नका, ते प्राण्यांचंही पाणी आहे. काढलेलं पाणी कापडानं गाळून वेगळ्या पिंपात शुद्ध करा. ताज्या ब्लीचिंग पावडरचं प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, निवळू द्या, वरची निवळी घ्या, खालचा चुना टाकून द्या, अर्धा तास थांबा. २०० लिटरच्या पिंपाला अर्धा ग्रॅम लागतो, तो घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून क्लोरिनच्या गोळ्या सोप्या.

रानशेवंती
टणटणीचं मी सांगते. वरून कोयत्यानं छाटणं म्हणजे तिला बळ देणं, बुडख्यातून दहा फुटवे येतात. जाळलं तरी तेच. जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर खोड आणि मूळ यांच्या मधला भाग असतो, फुटवे तिथून येतात. कुदळीच्या चपट्या पात्यानं त्याच्या खाली मूळ तोडायचं, झुडूप उपटून उलटं करून तिथंच ठेवायचं, मुळं आभाळाकडं. अख्खं मूळ खणायची गरज नाही, माती उगाच सुटते.
वेळ पहिल्या एक-दोन पावसांनंतरची, माती मऊ असते आणि फळं अजून पिकलेली नसतात. काळी पिकलेली फळं असतील तर झुडूप ओढत नेऊ नका, वाटभर बी सांडतं. बुलबुल, साळुंक्या बी आणतच राहणार, म्हणून ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्या बुडाशी पुढची दोन वर्षं रोपटी उपटत राहावी लागतील. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच मारवेल, पवन्या यांचं बी टाका. जागा रिकामी राहिली तर टणटणीच परत येते.
सगळा पायथा एका फटक्यात साफ करू नका. दाट टणटणीत ससे, तितर लपतात, कधी रानडुक्करही. वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यानं या. खालून वर गेलं तर आतलं जनावर वर कोंडतं आणि अंगावर येतं.

गवताळ
५०० रोपांबद्दल. माळाचं गवत असलेल्या पठारावर एकही नको. चंडोल, धाविक, लांडगा, चिंकारा यांना उघडी जमीनच लागते. झाडं ओघळाच्या काठानं, दगडी आडोशांच्या वरच्या अंगाला लावा, ओल तिथं टिकते.
जातीही इथल्याच: धावडा, सालई, अंजन, बेहडा, खैर, चारोळी, पळस, मोह. बालाघाटात रुळलेलं सीताफळही चालेल, ते शेळी खात नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. गिरिपुष्प आणि सुबाभूळ डोंगरावर नकोच. सालई आणि पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी मे महिन्यात लावली तर रोपाचीही गरज नाही.
खड्डा दीड बाय दीड बाय दीड फूट, मेमध्येच खणून तापू द्या. लावणी मृगाच्या पहिल्या सरीला करू नका. ओल वीतभर खाली गेली की मगच. त्यानंतर खंड पडतोच, म्हणून बुडाशी दगडांची चूल मांडल्यासारखं गोल आच्छादन करा. आणि खरं सांगायचं तर उन्हाळ्यात आठवड्याला पाणी वाहून नेणारे हात किती, ते मोजून तेवढीच रोपं घ्या. रोपामागं आठवड्याला १० लिटर धरा. पन्नास रोपांना ५०० लिटर, तेही डोक्यावरून.

येडशीकर
वणव्याचं थोडक्यात. आपल्याकडं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) जाळायचं काम वनखात्याचं, ते तुम्ही करू नका. तुम्ही वाटेच्या दोन्ही बाजूंचा सुका पाला दीड-दोन मीटर झाडून बाजूला करू शकता, त्यानं वाटच आडवी रेषा बनते. मोहफुलं वेचायला झाडाखाली पाला जाळतात, तिथं ते लोक येण्याआधी खराट्यानं जागा झाडून दिली तर आग लावायचं कारणच उरत नाही.
आग दिसली तर १९२६ वर कळवा. उताराच्या वरच्या बाजूला थांबून विझवायला जाऊ नका, आग वर धावते. जळून गेलेल्या भागातून, बाजूनं, ओल्या फांद्यांनी झोडपत या.
आणि मुक्काम खरंच नको. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याहून निघालेला वाघ गौताळ्यात पोचला, तर २०२४ च्या डिसेंबरात दुसरा एक आमच्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात. बिबटे आणि अस्वलं तर आहेतच. सूर्योदयानंतर चढा, चारच्या आत उतरा.

कन्नडकर
सुरक्षेचे राहिलेले मुद्दे.
कड्याला, लेण्याच्या छताला आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला धूर, अत्तर, ड्रोन, ढोल काही नाही. माश्या उठल्या तर हात झटकू नका, चेहरा झाकून दोनशे-तीनशे मीटर पळा, पाण्यात उडी नको. काटा चिमटीत धरू नका, नखानं खरवडा.
दगड उचलताना पहार पलीकडच्या कडेखाली घाला आणि दगड आपल्याकडं उलटवा. खाली फुरसं, घोणस, विंचू असेल तर ते पलीकडं निघतं, दगड आपल्या आणि त्याच्या मधे राहतो. साप चावला तर बांधणं, कापणं नाही. अवयव हलू न देता १०८ ला फोन. जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. लाल विंचवाच्या दंशात घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. प्राझोसिन हे औषध वेळेत मिळालं की जीव वाचतो, हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलंय.
एप्रिल-मेमध्ये काम सहा ते दहा. माणशी पाच लिटर पाणी, त्यात दोन लिटर मीठ-साखरेचं. घाम थांबून कातडी तापली, माणूस असंबद्ध बोलू लागला की ताबडतोब सावली, अंगावर पाणी, आणि खाली.

गडवाटेकरी
मंडळी, आभार. असं ठरवतोय: परवानगीचे अर्ज या आठवड्यात. एप्रिलभर वाट, मेमध्ये टाक्याची पन्हाळ आणि गाळ, जूनला टणटणी. रोपं ५०० ऐवजी ६० घेतो, बाकी शाळेच्या आवारात आणि बांधावर. काही सुटलंय का?

मुरूमखडी
एक. पहिला मोठा पाऊस थांबल्यावर दुसऱ्या सकाळी दोघं-तिघं फावडं घेऊन वाटेनं वर जा. प्रत्येक ओळीचं तोंड गाळानं बुजलेलं असेल, ते मोकळं करा, आणि पाणी कुठं ओळ ओलांडून गेलंय त्या जागेला चुन्याची खूण करा. ती ओळ चुकलेल्या कोनाची आहे. पावसाळ्यात अशा तीन फेऱ्या झाल्या की वाट बसते. त्या न केल्या तर एप्रिलचं सगळं काम दिवाळीपर्यंत दिसत नाही.
आणि वाटेसाठी फावड्याचा दांडा लांब घ्या, साडेचार फुटी. आखूड दांड्यानं उतारावर वाकून काम केलं की दोन तासांत माणसं बसतात.